लायसन काढा लागते का?

संक्रांत महिन्या-दोन महिन्यांवर आली की नागपुरातल्या मानेवाडा, नंदनवन, त्रिमूर्तीनगर अशा वस्त्यांमधल्या कितीतरी घरांत हलव्याचं काम सुरू होतं. थंडी बरी पडली की खसखशीवर, साबुदाण्यावर थोडाथोडा पाक सोडत काटा फुलवायचा आणि त्या पांढऱ्याशुभ्र दाण्यांचे मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टे, हार करायचे. कुणाच्या सुनेची पहिली संक्रांत असते, कुणाच्या नातवाचं बोरन्हाण. बाकीचं वर्ष याच बायका मोत्यांच्या नथी, ठुश्या, रेशमी धाग्याचे झुमके करतात. सामान इतवारीतून आणायचं, फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे. त्यांच्यापैकी बऱ्याच जणी मला एकच प्रश्न विचारतात, "काऊन जी, याचं लायसन काढा लागते का?"

प्रश्नामागे भीती असते. कुणीतरी सांगितलेलं असतं की घरी धंदा केला तर नोटीस येते. कुणी एजंट काही हजारांत ‘सगळे कागद’ काढून देतो म्हणतो. दागिना आणि सरकारी कागद यांच्या नात्याची धास्ती आपल्याकडे उगाच नाही. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. घरातच भट्टी मांडून बसणाऱ्या सोनारांच्या हातचं काम गेलं. देशभरात कित्येक कुटुंबं रस्त्यावर आली, काही कारागिरांनी जीव दिले. पुढे १९६८ च्या कायद्यात सोनाराला प्रमाणपत्र घ्यावं लागे, सोनं किती बाळगायचं याला मर्यादा होती, नोंदवह्या ठेवाव्या लागत. तो कायदा रद्द झाला १९९० साली. त्या काळात घर चालवलेल्या बाईला आजही कागद म्हटला की धडकी भरते, आणि ती भीती लेकीसुनांपर्यंत उतरते.

म्हणून आधी धीर देतो. मोती, धागा, मणी, हलवा यांचे दागिने घरी करण्यासाठी त्या काळच्यासारखा कुठलाही खास परवाना लागत नाही. सोन्याचं वेगळं आहे. जून २०२१ पासून सक्तीच्या हॉलमार्किंगमध्ये आलेल्या पहिल्या २५६ जिल्ह्यांत नागपूर होतं. तेव्हाही वर्षाला ४० लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या सराफांना आणि दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना सूट ठेवली होती. आणि हलव्याच्या दागिन्यांसोबत खाण्याचा हलवाही पाकिटातून विकत असाल, तर तो अन्नपदार्थ झाला. त्याची अन्न सुरक्षा नोंदणी मात्र करून घ्या; छोट्या व्यावसायिकाला ती वर्षाला १०० रुपयांत मिळत आली आहे.

ज्याला आपण गुमास्ता म्हणतो, तो परवाना १९४८ च्या दुकाने कायद्यातला. त्याच्या जागी २०१७ चा कायदा आला आणि दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना पुरेशी झाली. बँकेत करंट खातं उघडताना तिची पावती कामी येते.

जीएसटीचं जरा नीट समजून घ्यायला हवं, कारण एजंट इथेच घाबरवतात. राज्याच्या आत माल विकत असाल तर ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर विक्री केली की एरवी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, पण हस्तकलेच्या वस्तूंना यातून सूट आहे. २०१८ च्या त्या यादीत हाताने केलेले बियांचे, मण्यांचे नकली दागिने आहेत, चक्क वेलदोड्यांचा हारसुद्धा आहे. हलव्याचे दागिने मात्र तिथे नावानिशी नाहीत. ज्यांनी यादी केली त्यांच्या घरी संक्रांतीला हे दागिने कुणी घातले नसावेत. तेव्हा रायपूरच्या पुतणीकडून आलेली मण्यांच्या माळांची ऑर्डर नाकारू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर पॅन कार्ड आणि मालासोबत ई-वे बिल, एवढ्यावर भागतं.

विजेच्या मीटरचं तर फार थोड्यांना माहीत असतं. घराच्या एका भागात व्यवसाय केला की व्यापारी दर लागेल, अशी शेजारी-पाजारी भीती घालतात. महावितरणच्या दरपत्रकात अशा घरांसाठी घरगुती दराचीच तरतूद आहे. वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असला पाहिजे. एक टेबल लॅम्प आणि ग्लू गन वापरणारी बाई या मर्यादेच्या आसपासही जात नाही.

मला खरी खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. दागिना बंद खोक्यात घालून विक्रीला ठेवला की वजनमापांच्या नियमांनुसार त्यावर किंमत, महिना-वर्ष आणि बनवणाऱ्याचं नाव व पूर्ण पत्ता छापावा लागतो. कारखान्याला त्यात काही अडचण नाही. पण ज्या बाईचा कारखाना म्हणजे तिची बेडरूम, तिनं अनोळखी माणसाच्या हाती जाणाऱ्या खोक्यावर राहत्या घराचा पत्ता छापायचा? एकटी राहणारी असेल तर? मला वाटतं, छोट्या उद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीचा क्रमांक आणि एक संपर्क क्रमांक एवढं अशा बायकांसाठी ग्राह्य धरायला हवं. तक्रार करायला ग्राहकाला तेवढं पुरतं. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली वेगळा करार केला, त्यावर भारताने अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. घर हीच कामाची जागा असते, हे आपल्या नियमांच्या अजून पचनी पडलेलं नाही.

योजनांमध्येही तेच दिसतं. पीएम विश्वकर्मा योजनेला वर्ष झालं तेव्हा, सप्टेंबर २०२४ मध्ये, आपल्या शेजारी वर्ध्यात मोठा कार्यक्रम झाला. त्या योजनेच्या १८ व्यवसायांत सोनार आहे, माळाकार आहे. मोती ओवून नथ घडवणारीसाठी वेगळी ओळ नाही.

म्हणूनच उद्यम नोंदणी करा, असं मी प्रत्येकीला सांगत असतो. जुलै २०२० पासूनची ही नोंदणी पूर्ण फुकट आहे, कागद जोडावे लागत नाहीत, एजंट तर अजिबात नको. व्यवसायाच्या रकान्यात नकली दागिन्यांसाठी ३२१२० हा संकेतांक आहे. मुद्रा कर्जासाठी बँकेत जाल किंवा सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा उद्योग केंद्रात, तेव्हा हे प्रमाणपत्र तुमच्या बाजूने बोलेल. कित्येक घरांत मी पाहिलंय, काम तिचं, हात तिचे, डोळे तिचे गेले, आणि नोंदणी ‘ह्यांच्या’ नावावर, कारण ‘व्यवहार तेच बघतात’. असं करू नका. कर्ज, सूट, मेळाव्यातला स्टॉल, सगळं पुढे त्याच नावाने मिळत जातं.

ही नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. पुष्कळ बायकांच्या आधारला नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर असतो. आधी जवळच्या आधार केंद्रात जाऊन तिथे स्वतःचा नंबर टाकून घ्या, मग अर्ज भरायला बसा.