काडीवरचा गुलाबी रंग कोणता?

मागच्या हिवाळ्यात ओपीडीत एक आई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. अंगभर पित्ताच्या गांधी, ओठ किंचित सुजलेले. आदल्या संध्याकाळी जत्रेत ‘बुढ्ढी के बाल’ खाल्ले होते, जीभ अजून गुलाबीच होती. बाई हुशार. उरलेली काडी तिने पिशवीत बांधून आणली होती. ‘‘डॉक्टर, पेपरात येतो तो विषारी रंग यात आहे का हो?’’ मुलाला औषध दिले, दुपारपर्यंत तो खेळायला लागला. पण त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. रक्तातली साखर आम्हाला मिनिटभरात कळते, मलेरिया पंधरा-वीस मिनिटांत. काडीवरचा रंग कोणता, हे सांगणारी पट्टी आमच्याकडे नाही.

पेपरात येतो तो रंग म्हणजे ऱ्होडामाइन-बी. हा कापड, कागद रंगवण्याचा रंग आहे, खाण्याचा नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तामिळनाडूने याच कारणाने कॉटन कँडीवर बंदी घातली. मार्चमध्ये कर्नाटकाने रंगीत कॉटन कँडी आणि गोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंग बंद केले, जूनमध्ये कबाबमधलेही. कर्नाटकात तपासलेल्या गोबी मंचुरियनच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ नमुन्यांत घातक रंग निघाले होते. गोव्यात म्हापसा पालिकेनेही त्याच सुमारास मंचुरियनच्या गाड्यांवर बडगा उचलला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सगळेच कृत्रिम रंग बेकायदा नाहीत. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन असे आठ रंग आपल्या कायद्याने खाण्यात चालतात, मिठाईसारख्या पदार्थांत साधारण किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत. टार्ट्राझिनची जागतिक तज्ज्ञ समितीने ठरवलेली रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. म्हणजे १५ किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम, आणि कायद्यात बसणारी दीड किलो मिठाई खाल्ली तरच तो आकडा गाठला जाईल. ज्याला त्या रंगाचे वावडे आहे त्याला मात्र चिमूटभरही पुरते. ऱ्होडामाइन-बी, मेटॅनिल यलो, सुदान यांना अशी मर्यादाच नाही, कारण ते अन्नात असायलाच नकोत. एकदा खाल्ल्याने कॅन्सर होतो असे मी कोणत्याही आईला सांगणार नाही. ते खरे नाही. पण रोज संध्याकाळी गाडीवर खाणाऱ्या पोराच्या पोटात वर्षाकाठी काय जाते, हे कोणी मोजलेले नसते. खरी काळजी त्याची आहे.

मग मोजायचे कसे? प्रयोगशाळेत त्यासाठी एचपीएलसी नावाचे यंत्र असते. ते अचूक आहे, पण महागडे, आणि चालवायला प्रशिक्षित माणूस लागतो. नमुना पोहोचल्यापासून अहवाल द्यायला कायद्याने १४ दिवसांची मुदत आहे. जत्रा तीन दिवसांची असते.

म्हणून सध्या जगभर चमकणाऱ्या रसायनांच्या संवेदकांवर काम चालले आहे. कल्पना नवी नाही. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनाइनच्या द्रावणात हा गुण अभ्यासला आणि त्याला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश शोषायचा आणि दिसणारा रंगीत प्रकाश बाहेर टाकायचा, एवढाच तो गुण. आमच्या डोळ्यांच्या विभागात बुबुळावरची जखम बघायला रोज फ्लुओरेसिनची पट्टी वापरतात, तीही हीच युक्ती.

आताच्या संशोधनातला लाडका पदार्थ म्हणजे कार्बन डॉट्स, दहा नॅनोमीटरहूनही लहान कार्बनचे कण. २००४ मध्ये कार्बनच्या नळ्या साफ करताना ते अपघातानेच हाती लागले. सायट्रिक आम्ल किंवा चक्क लिंबाचा रस बंद भांड्यात पाण्यासह तापवूनही ते बनतात. अतिनील दिव्याखाली ते सहसा निळे चमकतात. आता टार्ट्राझिन पिवळे दिसते, कारण ते निळा प्रकाश गिळते. कार्बन डॉट्सच्या द्रावणात टार्ट्राझिन पडले की निळी चमक मंदावते. रंग जितका जास्त तितकी चमक कमी, आणि हा फरक मोजला की रंगाचे प्रमाण निघते. ऱ्होडामाइन-बी स्वतःच नारिंगी-लाल चमकतो, त्यामुळे तिथे दोन प्रकाशांचे गुणोत्तर मोजतात. निळा कमी, नारिंगी जास्त. हे कागदी पट्टीवर उतरवता येते आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचता येते. काही जण या कणांभोवती विशिष्ट रंगाच्या रेणूचा साचा घडवतात, म्हणजे त्या मापाचाच रेणू आत बसतो. मोदकाच्या साच्यात करंजी बसत नाही, तसे.

ऐकायला छान आहे. पण हे प्रयोग बहुधा शीतपेयात किंवा कँडीच्या पाण्यात मोजून रंग टाकून केलेले असतात. आपल्या खाण्यात हळद असते, आणि हळदीतले कर्क्युमिन स्वतः हिरवट-पिवळे चमकते. वर तेल, तिखट, सोया सॉस. एरिथ्रोसिन हा आपल्याकडे परवानगी असलेला गुलाबी रंग तर फ्लुओरेसिनचाच नातेवाईक, तोही थोडाफार चमकतो. (अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये त्याची खाद्यपदार्थांतली परवानगी रद्द केली, पण ती वेगळी गोष्ट.) म्हणजे काडी दिव्याखाली धरली आणि चमकली म्हणून ऱ्होडामाइन सापडला, असे म्हणता येणार नाही. त्या दिवशी मला मोह झाला होता, त्वचा विभागातला दिवा आणून बघण्याचा. मी आणला नाही. चमकली असती तरी त्या बाईला काय सांगितले असते?

आम्हा डॉक्टरांना चाचणीचा हा पेच रोजचाच आहे. समजा, जिल्ह्यात १,००० गाड्या आहेत आणि त्यांतल्या ५० जणच घातक रंग वापरतात. चाचणी दहापैकी नऊ वेळा बरोबर येते. मग दोषींपैकी ४५ सापडतील, पण निर्दोष ९५० मधल्या ९५ जणांवरही ठपका येईल. पट्टीवर दोषी दिसणाऱ्या १४० पैकी दोनतृतीयांश लोक निरपराध! हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण गणित खरे आहे. पट्टीवर संशय आला की नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, हाच तिचा उपयोग. तिच्या जोरावर जागच्या जागी गाडी उचलून नेली, तर एखाद्या घरातली चूल विनाकारण विझेल.

आणि गाडीवाल्याला तरी काय माहीत असते? तो किराणा दुकानातून सुटा रंग आणतो, चिठ्ठी नसलेल्या पुडीत. ‘खाण्याचाच आहे’ असे दुकानदार सांगतो, त्यालाही घाऊकवाल्याने तेच सांगितलेले. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये सुदान-१ मुळे चारशेहून अधिक खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले, तेव्हा माग काढत गेल्यावर मूळ भारतातून गेलेल्या मिरची पुडीत सापडले. म्हणजे माग वरच्या टोकाला निघाला. अशा सुट्या रंगात हळद नसते, तेल नसते, चमकणाऱ्या पट्टीला गोंधळात टाकणारे फारसे काही नसते. घाऊक बाजारात ही पट्टी आजही बरीच विश्वासाने चालेल. जत्रेतल्या ताटापर्यंत पोहोचायला मात्र तिला अजून वेळ आहे.

त्या बाईला मी एवढेच सांगितले की हा रंग कोणता ते मला कळत नाही, पण मुलाला पुन्हा गडद रंगाचे काही देऊ नका. साखरेचे पांढरे ‘केस’ही गोडच लागतात. मुलगा म्हणाला, ‘‘पण ते म्हातारीचे वाटतात.’’