द्राक्षाची नोंद दोन्ही बाजूंनी हवी

युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या विजेवरच्या वाहनांच्या बॅटऱ्यांना फेब्रुवारी २०२७ पासून ‘डिजिटल पासपोर्ट’ सक्तीचा होत आहे. कच्चा माल कोणता, तो कुठून आला, उत्पादनात किती कार्बन उत्सर्जन झाले, याची नोंद मालासोबत राहील. २०२४ च्या दुसऱ्या कायद्याने हीच पद्धत टप्प्याटप्प्याने इतर वस्तूंनाही लागू होईल. खाद्यपदार्थ त्यातून वगळले आहेत. तरीही मालाचा उगम सांगणाऱ्या अशा नोंदीचे बरेवाईट परिणाम नाशिक जिल्ह्याइतके फार थोड्यांनी अनुभवले असतील. निफाड-दिंडोरीतल्या द्राक्षबागा २००६-०७ पासून अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ‘ग्रेपनेट’वर नोंदवल्या जातात. प्रत्येक प्लॉटला क्रमांक मिळतो, काढणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत जातो, कीडनाशकांचे अंश मर्यादेबाहेर आढळले तर त्या प्लॉटचा माल युरोपला जात नाही. परदेशातल्या दुकानातली पेटी थेट बागेपर्यंत मागे नेता येते. लहान बागायतदारांच्या जिल्ह्यात हे उभे राहिले, ही मोठीच कमाई आहे.

पण नोंद जेवढे विचारते तेवढेच सांगते, हे २०१० च्या हंगामाने दाखवून दिले. वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात भारतीय द्राक्षांत सापडले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा हे संजीवक नव्हतेच. प्रमाणपत्रे नियमाप्रमाणे होती, माल मात्र अडकला. त्यानंतर यादी वाढली, तपासणी कडक झाली आणि ते योग्यच झाले. मात्र यादीतली चूक व्यवस्थेची होती आणि तिची किंमत निर्यातदारांनी व त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बागायतदारांनी मोजली. या घटनेचा हा भाग पुरेशा गांभीर्याने कधी तपासला गेला नाही. पारदर्शकतेचा सारा भार साखळीच्या एकाच टोकावर टाकला, की जबाबदारीही तिथेच साचते.

आजही चित्र फारसे वेगळे नाही. शेतकऱ्याने कोणते औषध कधी फवारले आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबला, हे खरेदीदाराला दिसते. त्या औषधाच्या बाटलीत लेबलवर न लिहिलेला घटक होता का, हे शेतकऱ्याला कळत नाही. त्याची द्राक्षे परदेशात कोणत्या भावाने विकली गेली, प्रतवारीत किती माल कोणत्या कारणाने कापला गेला, पैसे कधी मिळणार, यातले काहीच त्या नोंदीत नाही. देशांतर्गत बाजारात तर नोंदच नाही. बागेतून माल उचलून व्यापारी पैसे न देता पसार झाल्याच्या तक्रारी जिल्ह्यातल्या पोलिस ठाण्यांत हंगामामागून हंगाम येतात. पेठ-सुरगाण्याहून बागांत राबायला येणाऱ्या मजुरांची मजुरी आणि विहीर-बोअरमधून उपसलेले पाणी यांचाही कुठे उल्लेख नाही. मग ही पारदर्शकता कोणाची?

दर हा व्यापारातला खासगी मामला आहे, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. खरेदीदाराचा नफा जाहीर करा, असे कोणी म्हणत नाही. ज्या प्लॉटचा माल आहे त्या बागायतदाराला आपल्या मालाचे वजन, प्रतवारी, कपात आणि देयकाची तारीख दिसावी, इतकेच खरेदीदाराकडे मागणे आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोन एकरवाल्यावर आणखी किती कागद लादायचे? पण इथे बरीचशी नवी नोंद औषधविक्रेत्याने आणि खरेदीदाराने करायची आहे. पाण्याची आणि मजुरीची नोंद बागेतच करावी लागेल हे खरे. तिचा खर्च मात्र अशी नोंद मागणाऱ्या खरेदीदाराने भावात उचलला पाहिजे. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी कंपनीने बाग ते पॅकहाऊस हा प्रवास शेतकऱ्यांच्याच संघटनेखाली आणून दाखवला आहे. ज्यांच्यामागे अशी संस्था नाही, त्यांच्यासाठी सरकारी व्यवस्थेलाच हे काम करावे लागेल.

ऑक्टोबर छाटणीनंतर निर्यातक्षम बागांच्या नोंदणीची धावपळ सुरू होते. त्यापूर्वी अपेडा, राज्याचा कृषी विभाग आणि द्राक्ष बागायतदार संघाने एकत्र बसून दोन रकाने तरी वाढवावेत: औषधाचा बॅच क्रमांक विक्रेत्याच्या नावासह आणि मालाच्या देयकाची तारीख खरेदीदाराच्या नावासह. देयकाची तारीख न भरणाऱ्या खरेदीदाराला पुढच्या हंगामात नोंदणीकृत बागेतला माल उचलू देऊ नये.