देवाच्या नावावर कोणाचे पाप?

२७ नोव्हेंबर २०२१ची सकाळ. रायगड जिल्ह्यातून आळंदीला निघालेली दिंडी खंडाळ्याचा घाट चढून, लोणावळा, कार्ले, कामशेत मागे टाकून मावळातल्या साते गावाजवळ पोचली होती. माउलींचा समाधी सोहळा तोंडावर आलेला. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून वारकरी चालले होते आणि भरधाव पिकअप त्या दिंडीत घुसला. महिला वारकऱ्यांचे प्राण गेले, कित्येक जायबंदी झाले. ज्याचे नाव मुखी होते, त्यानेच हे का होऊ दिले? हा प्रश्न त्या दिवशी मावळात घरोघरी विचारला गेला आणि दशक्रिया उरकताच घरोघरी गिळला गेला.

आम्ही तो गिळायला तयार नाही. कारण साते ही एकटी घटना नाही. १९ नोव्हेंबर २०१९ला दिवे घाटात संत नामदेवांच्या पालखी सोहळ्यात जेसीबी घुसला आणि नामदेवरायांचे वंशज सोपानमहाराज नामदास यांच्यासह दोघांचा बळी गेला. जुलै २०२४मध्ये डोंबिवलीकडून आषाढीसाठी पंढरपूरला निघालेली बस द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ ट्रॅक्टरला धडकून खड्ड्यात गेली आणि पाच जण ठार झाले. ११ ऑगस्ट २०२५, तिसरा श्रावणी सोमवार. मावळाला खेटून असलेल्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या पाईट परिसरातल्या बायाबापड्यांचा पिकअप घाटात मागे घसरून दरीत कोसळला. किमान १० महिलांचे प्राण गेले. उपाशीपोटी, पूजेचे साहित्य घेऊन निघालेल्या बायका! यांच्याहून निष्पाप भक्त देवाला कुठून मिळणार?

आणि आपण त्यांच्या घरच्यांना काय सांगितले? देवाने जवळ केले. भोग होते, भोगून संपले. वारीत मरण आले, जन्माचे सोने झाले. मागच्या जन्मीचे काही राहिले असेल. अहो, ज्या पोरांची आई गेली त्यांच्यापुढे उभे राहून असे बोलायला जीभ धजते तरी कशी? देव आईसारखा आहे असे आपणच म्हणायचे, विठ्ठलाला विठाई आपणच करायचे, आणि तीच आई लेकींना दरीत लोटून ‘जवळ करते’ असेही आपणच सांगायचे! एखाद्या नास्तिकाने केली नसेल एवढी देवाची बदनामी हे सांत्वन करते. आम्ही स्पष्ट सांगतो, या मृत्यूंचा बोजा देवाच्या नावावर चढवणे हे खोटे आहे, आणि ज्यांच्या नावावर तो चढायला हवा त्यांच्या ते फार सोयीचे आहे.

जरा जवळ जाऊन पाहा. पिकअप हे माल वाहण्याचे वाहन. त्याच्या हौद्यात ना बाक, ना पट्टा. चढ लागला की माणसे एकमेकांच्या अंगावर मागे रेलतात आणि फाळक्याला धरून उभी राहतात. गाडी मागे घसरू लागली तर उडी मारायलाही वाट नसते. मग बाया त्यात चढतात कशाला? कारण डोंगरातल्या वाड्यांना सणावारी हाताशी एसटी नसते, खासगी गाडीचे भाडे झेपत नाही आणि सगळ्याजणींना मिळून परवडते ते एवढेच. तीच गत रस्त्याची. दिंडी महामार्गाच्या कडेने चालते म्हणजे कशी चालते? कुठे साइडपट्टी खचलेली, कुठे टपरी आडवी आलेली, कुठे मालट्रक लावून ठेवलेला. मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईला भरधाव वाहनांच्या पट्ट्यात उतरावेच लागते. कार्तिकी पंचांगात छापलेली असते, दिंड्यांचे मार्ग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. तरीही दर वर्षी प्रशासनाला दिंडी ‘अचानक’ दिसते!

आणि कुंडमळा? १५ जून २०२५, रविवार. ज्या इंद्रायणीला आपण तीर्थ म्हणतो, तिच्यावरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे ठाऊक होते, तसा फलकही होता. नव्या पुलाचा निधी मंजूर होता. मंजूर नव्हती ती घाई! फलक लावला की सरकारी अंग मोकळे होते. पूल मात्र तसाच राहतो. त्या पुलावर भाविक कोण आणि सहलीला आलेला कोण, हे गंजलेल्या लोखंडाने विचारले नाही. मृतांच्या वारसांना ५ लाख जाहीर झाले. माणूस गेल्यावर ज्या तिजोरीचे तोंड एका संध्याकाळी उघडते, ती आधी वर्षानुवर्षे बंद का असते, याचा जाब कोणत्या देवाला विचारायचा?

हा वाद जुना आहे, आणि केवळ आपला नाही. १ नोव्हेंबर १७५५ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनची चर्चे भरलेली असताना भूकंप झाला. प्रार्थना करणारेच ढिगाऱ्याखाली गेले. व्हॉल्तेरने त्यावर कविता लिहून दयाळू विश्वाच्या गप्पा मारणाऱ्यांना धारेवर धरले. त्याला रूसोने पत्रातून विचारले की, सहासहा-सातसात मजल्यांची वीस हजार घरे तिथे दाटीने कोणी उभी केली? निसर्गाने तर नव्हे! या उत्तराने सगळे कोडे सुटत नाही. पण देवाला जाब विचारण्याआधी माणसाचा हिशेब तपासा, ही त्यातली शिस्त आपण अजून शिकलेलो नाही. २५ जानेवारी २००५ला मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे ३०० माणसे मेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट आणि आवरता न येणारी गर्दी! काळूबाई कोपली म्हणणाऱ्यांनी त्या पायऱ्यांकडे पाहिले होते काय?

कोणी म्हणेल, हे श्रद्धेवर घाव घालणे आहे. मग श्रद्धेचीच साक्ष काढू. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात देहूत तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, धंदा बुडाला, अब्रू गेली. त्यांनी भंडाऱ्याच्या डोंगरावर देवाशी भांडण मांडले, आणि परंपरा सांगते की आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. भुकेल्या गावाला त्यांनी पूर्वजन्मीचे पाप ऐकवले नाही, गावाचे कर्ज सोडले! अडीचशे वर्षांनी पंडिता रमाबाईंच्या वाट्याला तेच आले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तीर्थे केली, व्रते केली, होते नव्हते ते दानधर्मात घातले, आणि मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण उपासमारीने गेली. पुढे रमाबाईंनी धर्म बदलला. तो वाद आज उकरण्याचे कारण नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या आणि याच पुणे जिल्ह्यात केडगावला या मुली-बायकांसाठी घर उभे केले. देवाला प्रश्न विचारायचा तो असा! विचारून झाल्यावर उठायचे आणि पुढच्या माणसाच्या वाटेतले मरण बाजूला सारायचे.

सगळ्याच दुःखाला माणूस जबाबदार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. चार वर्षांच्या लेकराला असाध्य आजार जडतो, तिथे ना ठेकेदार असतो ना अधिकारी. तिथे आम्ही निरुत्तर आहोत. पण निरुत्तर माणसाने गप्प बसावे, त्या आईशेजारी बसावे, रात्र काढावी. प्रारब्धाचे पोथीपांडित्य तिथे करू नये. आणि जिथे उत्तर ढळढळीत समोर आहे तिथे गूढाचा आव आणू नये. स्वतःच्या विहिरीला कठडा न बांधणाऱ्या बापाने पोर बुडाल्यावर कुलदैवताकडे बोट दाखवावे, तशी आपली गत आहे.

भाविकांनाही आम्ही सोडणार नाही. ‘माउली बघून घेईल’ म्हणत हौद्यात तिसाव्या माणसाला जागा करून देणे ही भक्ती नव्हे. अंधारात चमकणारी पट्टी अंगावर घातल्याने वारी बाटत नाही. घाटात गाडी कुरकुरू लागली की खाली उतरून चालावे. देवाच्या वाटेवर चालण्यात कसली लाज?

आता मागण्या ऐका. कार्तिकीच्या दिवसांत खंडाळ्यापासून देहूफाट्यापर्यंत जुन्या महामार्गाची एक बाजू पहाटेपासून दिंड्यांसाठी राखून ठेवा. प्रत्येक मोठ्या दिंडीच्या पुढेमागे पोलिसांची गाडी द्या. श्रावणी सोमवारी आणि यात्रांना डोंगरावरच्या देवस्थानांसाठी छोट्या एसटी सोडा, तिकीट सवलतीसह. धोकादायक पुलावर फलक लावून घरी जाऊ नका. त्याची वाट तोडा, आणि नवा पूल होईपर्यंत पर्यायी वाट द्या. प्रत्येक पुलाच्या तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, त्याखाली सही करणाऱ्याचे नाव असू द्या. देवस्थानांच्या विश्वस्तांनो, कळसाला सोने चढवण्याआधी वाटेला कठडा बांधा. कीर्तनकार महाराजांनो, गेलेल्यांच्या मोक्षाचे वर्णन पुरे झाले. जिवंत असलेल्यांच्या रस्त्याबद्दल गादीवरून बोला, लोक तुमचे ऐकतात!

एवढे करूनही मरण आले, तर देवाला जाब विचारण्याचा हक्क आम्हांला असेल, आणि तो आम्ही मोठ्याने विचारू. तोवर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहायचे आहे ते अधिकाऱ्यांनी, ठेकेदारांनी, विश्वस्तांनी आणि हे सारे पाहून गप्प बसणाऱ्या आपण सर्वांनी!