कायद्याने धर्म, समाजात चेटूक

इंग्लंड-अमेरिकेतील विक्कापंथीयांमध्ये ‘झाडूच्या कपाटातून बाहेर येणे’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. समलिंगी चळवळीकडून उसना घेतलेला आणि चेटकिणीच्या हातातील झाडूवर स्वतःच केलेला हा विनोद आहे. त्याचा अर्थ मात्र विनोदी नाही. आपण कोणत्या देवतेची उपासना करतो हे आईवडिलांना, कार्यालयातील वरिष्ठांना, शेजाऱ्यांना आणि मुलांच्या शाळेला सांगून टाकणे, असा तो अर्थ आहे. ज्या अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिलीच दुरुस्ती धर्मस्वातंत्र्याची ग्वाही देते, ज्या देशाचे परराष्ट्र खाते साऱ्या जगातील धर्मस्वातंत्र्याच्या स्थितीवर अहवाल प्रसिद्ध करते, त्या देशात एका उपासनापंथाला स्वतःचे नाव उघडपणे घेण्यासाठी असा स्वतंत्र शब्दप्रयोग घडवावा लागतो, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

हा पंथ आहे तरी काय? देवी आणि शृंगधारी देव ही त्याची दोन मुख्य दैवते. पौर्णिमेचे पूजन, ऋतुचक्रातील आठ सण, जमिनीवर आखलेल्या वर्तुळात केलेले विधी आणि कोणाला इजा न करता हवे तसे वागावे हा आचारनियम, एवढ्यात त्याचे स्थूल रूप सांगता येते. एक प्रेषित नाही, सर्वांना बंधनकारक असा एक ग्रंथ नाही, इतरांना आपल्यात ओढण्याची आज्ञा नाही. सैतानाची पूजा हा त्यांच्यावरील नेहमीचा आरोप. पण सैतान ही मुळात ख्रिस्ती धर्मशास्त्रातील कल्पना. जे ती कल्पनाच मानत नाहीत ते सैतानाला पूजतील कसे, हा साधा प्रश्न आरोप करणाऱ्यांना सहसा पडत नाही. झाडूचे म्हणावे तर विधीपूर्वी जागा शुद्ध करण्यासाठी ते तो वापरतात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहणाऱ्या मराठी घरांना यात भिण्यासारखे काही वाटू नये.

या पंथाचा जाहीर इतिहास शंभर वर्षांचाही नाही. ब्रिटनमध्ये १७३५ साली संमत झालेला चेटूकविषयक कायदा १९५१ सालापर्यंत अमलात होता. चेटूक अस्तित्वातच नाही, सबब ते येते असे सांगणारा लबाड, अशी त्या कायद्याची धारणा होती. १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या हेलन डंकन या बाईंना त्याच कायद्याखाली नऊ महिन्यांचा कारावास झाला. १९५१ मध्ये तो रद्द झाला आणि तीनच वर्षांनी जेराल्ड गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक बाजारात आले. गार्डनर हे मलायातील ब्रिटिश जकात खात्याचे निवृत्त अधिकारी. दक्षिण इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट भागात १९३९ साली एका जुन्या गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असे ते सांगत. त्या परिसरातील ज्या गूढविद्यामंडळाशी त्यांचा संबंध होता, त्यात अ‍ॅनी बेझंट यांच्या कन्या मेबेल यांचाही वावर होता.

गार्डनर यांचा दावा असा, की युरोपात ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीची उपासना लपतछपत टिकून राहिली आणि तीच ही. मार्गारेट मरे या विदुषीने १९२१ साली मांडलेल्या सिद्धान्ताचा त्याला आधार होता. पुढे इतिहासकारांनी तो सिद्धान्त निकालात काढला. ब्रिस्टल विद्यापीठाचे रोनाल्ड हटन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विक्काची घडण मुख्यतः विसाव्या शतकातील आहे हे सप्रमाण दाखवले. चेटकिणी ठरवून नव्वद लाख स्त्रिया जाळल्या गेल्या, हा या मंडळींत बराच काळ फिरणारा आकडाही असाच. युरोपातील अशा खटल्यांत चाळीस ते पन्नास हजार माणसे मारली गेली, असा आजच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. ती संख्या काय कमी भयंकर आहे? तिला फुगवण्याची काहीच गरज नव्हती. त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवलीच पाहिजे. हटन यांचे निष्कर्ष त्यांच्यापैकी अनेकांनी मोकळेपणाने स्वीकारले. आपली परंपरा नवी आहे हे जाणूनही ते तिच्यावर निष्ठा ठेवून राहिले.

नवेपणामुळे उपासनेचा हक्क कमी होतो काय, हा प्रश्न मग अमेरिकी न्यायालयांपुढे आला. तेथील मॉर्मन पंथ १८३० सालचा. त्याला वय कोणी विचारत नाही. १९८६ साली व्हर्जिनियातील एका कैद्याच्या खटल्यात संघराज्याच्या अपील न्यायालयाने विक्का हा घटनेच्या अर्थाने धर्मच आहे असे ठरवले. हे निरनिराळ्या गूढविद्यांचे कडबोळे आहे, हा सरकारचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. पण तुरुंगाच्या सुरक्षेचा मुद्दा ग्राह्य धरून त्या कैद्याला पूजेचे साहित्य मात्र नाकारले. धर्म मिळाला, मेणबत्ती मिळाली नाही! पुढील अनेक वर्षांची कथा याच वळणाची आहे.

अमेरिकी लष्कराने तर धर्माधिकाऱ्यांसाठी काढलेल्या माहितीपुस्तिकेत विक्काची नोंद १९७८ सालीच केली होती. तरीही १९९९ साली टेक्सासमधील फोर्ट हूड तळावर विक्कापंथी सैनिक पूजाविधी करतात ही बातमी पसरताच गदारोळ झाला. जॉर्जियाचे काँग्रेस सदस्य बॉब बार यांनी हे विधी बंद करण्याची मागणी केली. काही परंपरावादी संघटनांनी तर ख्रिस्ती तरुणांनी सैन्यात भरतीच होऊ नये, असे आवाहन केले. टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की, हा धर्म आहे असे आपल्याला वाटत नाही. दीड वर्षानंतर तेच त्या सैन्याचे सरसेनापती झाले.

सप्टेंबर २००५ मध्ये अफगाणिस्तानात एक अमेरिकी हेलिकॉप्टर पाडले गेले. मृतांमध्ये नेवाडा नॅशनल गार्डचे सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट होते. ते विक्कापंथी होते. नेवाडातील फर्नली येथे सैनिकांच्या स्मशानभूमीत स्मृतिभिंत आहे. पतीच्या नावाच्या पट्टीवर वर्तुळातील पाच टोकांचा तारा, म्हणजे पंथाचे चिन्ह असावे, एवढीच त्यांच्या पत्नीची मागणी होती. माजी सैनिकांच्या खात्याने ती मानली नाही, कारण ते चिन्ह मान्यताप्राप्त यादीत नव्हते. आता ही यादी कशी होती ते पाहण्यासारखे आहे. तीत क्रॉसची अनेक रूपे होती, ज्यूंचा तारा होता, चंद्रकोर होती, बौद्धांचे चक्र होते, बहाईंचा नऊ टोकांचा तारा होता. इतकेच काय, ज्यांचा देवावर विश्वासच नाही त्यांच्यासाठी अणूच्या आकृतीसारखे चिन्हही होते. विक्कापंथीयांचा अर्ज मात्र सुमारे दहा वर्षे पडून होता. ज्या माणसाने देशासाठी प्राण दिले, त्याची जागा त्या भिंतीवर तब्बल वर्षभर रिकामी राहिली. आपल्याच धर्माचे चिन्ह लागणार नसेल तर पट्टीच नको, अशी पत्नीची भूमिका होती.

अखेर २००६ मध्ये नेवाडा राज्याने स्वतःच्या अधिकारात ती पट्टी बसवली. नोव्हेंबरमध्ये केंद्रीय खात्यावर खटला भरला गेला. खटला लढवण्यात विस्कॉन्सिनमधील सर्कल सँक्च्युअरी या संस्थेबरोबर धर्म आणि शासन यांच्या फारकतीसाठी झटणारी एक संघटना होती, आणि तिचे प्रमुख बॅरी लिन हे स्वतः दीक्षित ख्रिस्ती पाद्री होते. एप्रिल २००७ मध्ये खात्याने तडजोड करून चिन्ह यादीत घेतले. बुश यांच्या १९९९ सालच्या उद्गारांचा खात्याच्या दिरंगाईवर परिणाम झाला होता, असे वादींच्या बाजूने सांगण्यात आले. अशा वेळी नियम बोलत नसतो. यादी करणाऱ्याच्या मनात धर्माचा एक साचा पक्का बसलेला असतो, आणि त्यात न बसणारा कागद तो टेबलाच्या कडेला सारत राहतो.

हा साचा कोणता, हे व्हर्जिनियातील चेस्टरफील्ड काउंटीने उघडच सांगितले. तेथील मंडळाच्या बैठकीपूर्वी प्रार्थना म्हणण्याची संधी स्थानिक धर्मगुरूंना आळीपाळीने मिळे. एका विक्कापंथी महिलेने २००२ साली आपलेही नाव त्या यादीत घालावे असे कळवले. उत्तर आले, की या प्रार्थना ज्यू-ख्रिस्ती परंपरेशी सुसंगत अशा ईश्वराला उद्देशून असतात. २००५ मध्ये अपील न्यायालयाने काउंटीची बाजू उचलून धरली. विक्काला धर्म ठरवणारे न्यायालयही हेच होते.

या उत्तरातील पाल अमेरिकेतील हिंदूंच्या कानातही चुकचुकायला हवी. वर्तुळातील तारा मान्य झाला त्याच २००७ सालच्या १२ जुलै रोजी सिनेटमध्ये प्रथमच हिंदू प्रार्थना झाली. ती म्हणणारे राजन झेद हेही नेवाडाचेच. त्यांनी सुरुवात करताच प्रेक्षकसज्जातून तीन जणांनी येशूचे नाव घेत आरडाओरडा केला आणि त्यांना बाहेर काढावे लागले. त्यांचा आक्षेप काही विक्कावर नव्हता. अनेक देवतांना मानणारा तो सारा एकाच रांगेतला, ही त्यांची दृष्टी. देवी म्हणून आईला हाक मारणाऱ्या एका छोट्या, नवख्या पंथाचे तेथे काय होते, हा विषय हिंदूंना परका राहू शकत नाही तो यामुळे.

न्यायालयातील लढाई निदान दिसते तरी. घरातील लढाई अधिक अवघड. इंडियानात २००४ साली एका दांपत्याचा घटस्फोट झाला. आई आणि वडील दोघेही विक्कापंथी. त्यांच्यात धर्मावरून कसलाही वाद नव्हता. तरीही न्यायाधीशांनी आपणहून आदेशात अट घातली, की मुलाला मुख्य प्रवाहाबाहेरच्या श्रद्धा आणि विधींपासून दूर ठेवावे. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने ती अट काढून टाकली. मधल्या काळात पोटच्या मुलाला पौर्णिमेची पूजा दाखवणे हा त्या आईबापांसाठी न्यायालयाचा अवमान ठरला असता. ताबा गमावण्याची भीती असेल तर कपाटाबाहेर कोण येईल? २०१० मध्ये डेलावेअरमधील सिनेटच्या उमेदवार क्रिस्टीन ओडॉनेल यांना तर आपण चेटकीण नाही हे सांगणारी जाहिरात करावी लागली. तरुणपणी या प्रकाराशी थोडा संबंध आल्याचे त्या कधीकाळी बोलून गेल्या होत्या, एवढेच निमित्त.

बाजाराला अर्थातच असली अडचण नाही. २०१८ साली एका अमेरिकी सुगंधी द्रव्यांच्या कंपनीने नवशिक्या चेटकिणींसाठी पेटी जाहीर केली. पत्ते, स्फटिक, धुपाची पाने आणि अत्तराच्या कुप्या, किंमत ४२ डॉलर. विक्कापंथीयांनी आमचा धर्म विकू नका म्हणून ओरड केली आणि ती मागे घेतली गेली. खपाऊ माल होणे म्हणजे स्वीकार नव्हे, हे त्यांना बरोबर कळले होते. दुकानाने हसून स्वागत केलेल्या माणसाला शेजारी घर भाड्याने देईलच असे नाही.

मराठीत हा विषय मांडताना शब्दच आडवा येतो. ‘चेटकीण’ म्हटले की डोळ्यांपुढे जे उभे राहते ते विक्का नव्हे. नंदुरबारच्या सातपुड्यात ‘डाकीण’ ठरवून ज्या स्त्रियांचा छळ झाला, त्यांनी तो शब्द निवडलेला नव्हता. तो त्यांच्या कपाळी मारला गेला, आणि म्हणूनच महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. पश्चिमेत काही सुशिक्षित माणसे तोच शिवीचा शब्द उचलून स्वतःला लावतात. कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनीही तो उघडपणे लावला आणि १९९८ साली हुगळीतून काँग्रेसतर्फे लोकसभेची निवडणूकही लढवली. त्या पराभूत झाल्या. दोन्हीकडचा शब्द एक असला, तरी एकीकडे तो स्वेच्छेने घेतलेला आहे आणि दुसरीकडे त्यापायी जीव जातो. हे अंतर विसरून विक्काचे कौतुक करणे जितके चूक, तितकेच डाकीणप्रथेचे निमित्त करून विक्काला झोडपणेही चूक.

संख्येने हा पंथ वाढला आहे. अमेरिकेतील धार्मिक सर्वेक्षणात १९९० साली सुमारे ८ हजार लोकांचा अंदाज होता. २००८ साली तो ३ लाख ४२ हजारांवर गेला. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ सालच्या जनगणनेत सुमारे १३ हजारांनी आपला धर्म विक्का असा स्वतः लिहिला, तर सुमारे ७४ हजारांनी स्वतःला पेगन म्हटले. धर्माविषयीचा हा प्रश्न तेथे ऐच्छिक असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या नोंदींचे मोल कळते.

या उघडेपणाची किंमत पंथाच्या आत मोजली जात आहे. गार्डनर यांच्या परंपरेतील मंडळे आजही लहान असतात. दीक्षेच्या वेळी गुप्ततेची शपथ घ्यावी लागते आणि विधींची वही हाताने उतरवून घेण्याची रीत आहे. तुरुंग, लष्कर आणि विवाह नोंदणी कार्यालय यांना मात्र शपथ चालत नाही. त्यांना नोंदणीकृत संस्था, पदाधिकारी आणि सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र लागते. म्हणून १९७५ साली कॅलिफोर्नियात काही मंडळांनी एकत्र येऊन कव्हेनंट ऑफ द गॉडेस ही संस्था स्थापली. इतर काहींनी आपल्या मंडळांना चक्क ‘चर्च’ हे नाव दिले. ज्या साच्याने बाहेर ठेवले त्याच साच्यात स्वतःला ओतून घेण्याचा हा प्रकार अनेक जुन्या दीक्षितांना रुचत नाही. दुसरीकडे १९८८ साली स्कॉट कनिंगहॅम यांनी एकट्याने उपासना करणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिले, तेव्हापासून दीक्षा नाही, मंडळ नाही, गुरू नाही असा वर्ग फोफावला आहे. आजचे कित्येक तरुण तर मोबाइलच्या पडद्यावरच हा पंथ शिकतात. त्यांना कपाट ठाऊक नाही, आणि सार्जंट स्टुअर्ट यांच्या पत्नीच्या पाठीशी जशी एक संस्था उभी राहिली तशी त्यांच्यामागे कोणती उभी राहील, हा प्रश्न पंथातील जाणती माणसेच एकमेकांना विचारीत आहेत.