आधी खुराडं, मग कोंबडी!

आमच्या बचत गटातली निफाडकडची एक ताई परवा बैठकीत रडायलाच लागली. तिच्या बारा गावरान कोंबड्या छान अंडी देत होत्या. हौसेनं बाजारातून दोन बदकं अन्‌ तीन टर्की आणून तिनं त्याच खुराड्यात सोडली. पंधरा दिवसांत सात कोंबड्या माना वाकड्या होऊन गेल्या. घरचे म्हणाले, नजर लागली. कसली नजर? ती मानमोडी! बाहेरून आणलेला पक्षी लगेच आपल्यात मिसळला की हा धोका असतोच.

शिवाय प्रत्येक पक्ष्याची तऱ्हा निराळी. बदकं पाणी सांडून जमीन ओली करतात आणि ओलीत कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. कोंबडीच्या पोटातल्या जंतांबरोबर येणारा एक रोग तिला फारसा जाणवत नाही, टर्कीचा मात्र जीव घेतो. बर्ड फ्लूचे विषाणू अंगात असूनही बदक ठणठणीत दिसू शकतं. नांदूरमधमेश्वरला हिवाळ्यात पाहुणी बदकं उतरतात. ती जरूर पाहावीत, पण आपली बदकं त्या पाण्यात सोडू नयेत. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ मध्ये तिथं पुन्हा तीच वेळ आली.

म्हणून मैत्रिणींनो, नवा पक्षी महिनाभर लांब ठेवा. त्याचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करा, मग हातपाय धुवा. बदकं, टर्की, कोंबड्या यांची खुराडी आणि भांडी वेगळी असू द्या. कोंबड्या फिरतात त्या जागेत टर्की नकोच. मानमोडीची लस जनावरांच्या दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्या.

हे सगळं बायकांना कळत नाही असं नाही. पण जाळीला पैसे मागितले की "कोंबड्यांना कशाला बंगला?" असं ऐकावं लागतं. गोठ्याला नवे पत्रे येतात, बाईच्या कोंबड्या मात्र फुटक्या डालग्याखाली! अहो, अंड्यांच्या पैशातूनच मुलीच्या वह्या येतात. खर्च करताना कुणाला विचारावा लागत नाही असा तिचा तेवढाच तर पैसा असतो.

मला वाटतं, बचत गटांनी पक्ष्यांसाठी कर्ज देताना आधी खुराड्याचे पैसे धरावेत. आमच्या गटानं तरी ठरवलंय, आधी जागा दाखवा, मग पक्षी. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढाल ना?