मामा, हीटर कुठला घेऊ?

परवा भाच्याचा फोन आला. दिवाळी आणि वाढदिवस सोडून हा मुलगा एरवी फोन करत नाही, त्यामुळे आधी काळजीच वाटली. तर म्हणे, "मामा, टँक मिळाला! 180 गॅलनचा, स्टँडसकट, जवळजवळ फुकट!" मिनिआपोलिसच्या थंडीत त्याला आता खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचाय. प्रवाळ, क्लाउनफिश, सगळं. वेड मामाकडूनच लागलंय, त्यामुळे मी काय बोलणार? पुढे म्हणाला, "बाकी सगळं ठरलंय, फक्त हीटर राहिलाय. कुठला घेऊ? एकच नाव सांग, सगळ्यात भरवशाचं."

"सांगतो" म्हणून मी फोन ठेवला आणि अजून सांगितलेलं नाही. कारण एका नावात देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही, आणि मोठं उत्तर फोनवर ऐकून घ्यायला त्याला वेळ नाही. म्हणून इथे लिहितो. तो वाचेल आणि आपल्या मुलाने घरात काय आणून ठेवलंय ते ताईलाही कळेल. :)

"सगळ्यात भरवशाचा हीटर" हा शोध मीही केला होता. तेव्हा आमचा टँकही एवढाच, 680 लिटरच्या आसपास. तीन आठवडे वाचन केलं आणि बाजारातला चांगल्यातला चांगला समजला जाणारा 800 वॉटचा टायटॅनियमचा हीटर घेतला. सोबत त्याचा कंट्रोलर, त्यावर निळे आकडे. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. 800 वॉट कुठून आले? तर "गॅलनला 3 ते 5 वॉट" असा एक नियम सगळीकडे सांगतात. 180 गॅलनला म्हणजे 540 ते 900. मी त्यातल्या वरच्या अंगाला गेलो, कारण शिकागोची थंडी. मोठा घेतला की निर्धास्त, असा आपला मध्यमवर्गीय हिशोब.

जानेवारी 2014. इकडच्यांना तो महिना आठवत असेल. 6 तारखेला ओहेअर विमानतळावर पारा उणे 27 सेल्सियसच्या आसपास उतरला होता. शाळा बंद, ऑफिस घरून. टँक आमच्या तळघरात, आणि तळघर गारठलेलं, म्हणून दिवसभर कोणी खाली फिरकलंच नाही. वर आमची खिचडी, चहा, परत चहा. संध्याकाळी पाच वाजता मुलगी माशांना खायला घालायला खाली गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, पाणी पांढरं झालंय!"

मी हात घातला तर पाणी कोमट. थर्मामीटरवर 33 च्या वर. असायला हवं होतं साडेपंचवीस. प्रवाळांवर चिकट साय आली होती. "हळद" तळाशी आडवी पडलेली. हळद म्हणजे आमची पिवळी टँग, हवाईच्या समुद्रातून पकडून आणलेली. 9 वर्षं होती आमच्याकडे, मुलीने पहिलीदुसरीत कधीतरी दिलेलं नाव. क्लाउनफिशची जोडी कशीबशी वाचली. बाकी जवळजवळ सगळं गेलं. बाहेर उणे 27, आणि आमचे मासे उकाड्याने मेले.

कंट्रोलरवर निळे आकडे अजून शांतपणे चमकत होते. नंतर पेटी उघडून पाहिली. आतल्या रिलेचे दोन संपर्कबिंदू ठिणग्यांनी एकमेकांना चिकटले होते. कंट्रोलर बिचारा "बंद हो" म्हणत होता, पण प्रवाह तुटतच नव्हता. कंपनी तशी सज्जन निघाली. गॅरंटीमध्ये नवा हीटर कुरिअरने घरपोच. तो अजून खोक्यात आहे. गॅरंटी हीटरची असते, हळदीची नसते.

मुलीने तेव्हा विचारलं होतं, "बाबा, आपला हीटर चांगला नव्हता का?" मला उत्तर देता आलं नाही. हीटर चांगलाच होता. प्रश्नच चुकीचा होता, आणि तो मी विचारला होता, तिने नाही.

आता माझं मत. "न बिघडणारा हीटर" अशी वस्तू नसते. दिवसातून कितीतरी वेळा चालू-बंद होणारा, कायम खाऱ्या पाण्यात बुडालेला कुठलाही स्विच कधीतरी बिघडणारच. घेताना विचारायचं एवढंच, की बिघडला तर काय होईल? बंद अवस्थेत बिघडला तर पाणी हळूहळू थंड होतं. आमच्या टँकमध्ये पंप चालू असतील तर 12 तासांत तीनेक अंश उतरतं. मासे कुरकुरतात, पण जगतात. चालू अवस्थेत बिघडला तर मात्र आमच्यासारखं होतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि नेमकी त्याच वेळी माशांना तो जास्त लागतो. प्रवाळांचं तर आणखी नाजूक. त्यांच्या पेशींत राहणारी, त्यांना अन्न करून देणारी सूक्ष्म शैवालं उष्णतेने निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. समुद्रात उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादाच अंश जास्त, तोही काही आठवडे टिकला, तरी हे होतं. आपल्या लक्षद्वीपला 1998, 2010 आणि 2016 मध्ये झालं. आमच्या तळघरात 20 तासांत झालं.

आपल्या घरात ही अक्कल असतेच. प्रेशर कुकर घेताना "कधीच न अडकणारी शिट्टी कुठली?" असं आई विचारत नाही. शिट्टी अडकू शकते हे धरूनच झाकणात वितळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, आणि त्यावर आईचा कान असतो. गीझरमध्येही थर्मोस्टॅट असतो, त्याच्यावर कटआउट असतो. माशांच्या बाबतीत मात्र आपण एका शिट्टीवर सगळा संसार सोडून देतो.

तर भाचेबुवा, एक मोठा घेऊ नकोस. तीन छोटे घे, 150 वॉटचे.

आता हिशोब सांगतो, कारण इंजिनियर मुलांना त्याशिवाय पटत नाही. टँकला किती उष्णता लागते हे पाण्याच्या लिटरवर ठरत नाही, पाणी किती उष्णता गमावतं यावर ठरतं, आणि ती जाते पृष्ठभागातून आणि काचेतून. टँक मोठा झाला की पाणी जितकं वाढतं तितका पृष्ठभाग वाढत नाही. म्हणून तो वॉट-गॅलनचा नियम 20-30 गॅलनच्या टँकला ठीक, मोठ्याला अघळपघळ होतो. माझं तळघर हिवाळ्यात 17 अंश, पाणी साडेपंचवीस. वीज मोजायचं एक छोटं मीटर मिळतं, ते लावून पाहिलं. 150 चे तीन हीटर दिवसाला साधारण 15 तास चालतात, म्हणजे सरासरी 280 वॉट. पंपांची उष्णता धर आणखी 100. साडेआठ अंशांच्या फरकाला 380 वॉट, म्हणजे एका अंशाला सुमारे 45.

या आकड्याने 800 वॉटचा हीटर तपास. अडकून पडला तर पंपांसकट 900 वॉट, भागिले 45, म्हणजे खोलीच्या वर 20 अंश. 17 आणि 20, झाले 37! म्हणजे संध्याकाळी मुलगी खाली गेली नसती तर पाणी अजून तापलंच असतं. आता तिघांपैकी एक अडकला असं धर. 150 आणि 100, भागिले 45, साडेपाच अंश. 17 च्या खोलीत हा एकटा पाणी 23 पर्यंतही नेऊ शकत नाही, उरलेलं बाकीचे दोघे भरून काढतात. म्हणजे हीटर बिघडलाय आणि टँकला पत्ताही नाही. दुबळेपणा हाच त्याचा गुण. उन्हाळ्यात खोली 25 अंशांवर असेल तर मात्र तोच एक अडकलेला हीटर 30 च्या वर नेईल, म्हणून मे महिन्यात दोघांचे प्लग सरळ काढून ठेवतो.

तुझी खोली माझ्या तळघरापेक्षा थंड असेल तर आकडे बदलतील. मीटर विकत घे, मोज, मग ठरव. माझे आकडे डोळे झाकून उचलू नकोस.

तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच खेपेतले घेऊ नयेत असंही माझं मत आहे. 2011 मध्ये अमेरिकेत मरीनलँडचे स्टेल्थ हे काळे हीटर सुमारे 12 लाखांच्या संख्येने परत मागवले होते, आग लागण्याच्या आणि फुटण्याच्या धोक्यामुळे. काचेचे नाहीत म्हणून लोक ते विश्वासाने घेत. ज्याच्याकडे तिन्ही तेच असतील त्याची तीन पहारेकऱ्यांची सगळी योजना एकाच दिवशी निकालात! माझ्याकडे सध्या दोन काचेचे एहाइमचे आहेत आणि एक दुसऱ्या कंपनीचा टायटॅनियमचा. (घे, नाव हवं होतं ना? पण त्याच्या जिवावर झोपू नकोस.) काच पाण्याबाहेर गरम राहिली की तडकते. टायटॅनियम तडकत नाही, पण आतलं इन्शुलेशन गेलं तर प्रवाह थेट पाण्यात येतो. म्हणून काहीही घेतलंस तरी गळती झाल्यावर वीज तोडणारा सॉकेट हवाच. यात चर्चा नाही. स्टेनलेस स्टीलच्या वाटेला जाऊ नकोस, खारं पाणी त्याला खातं.

तिघांच्या वर वेगळा कंट्रोलर लाव, साडेपंचवीसवर. हीटरांचे स्वतःचे थर्मोस्टॅट साडेसव्वीसवर ठेव, म्हणजे एरवी ते मध्ये पडणार नाहीत, पण कंट्रोलरचा रिले चिकटला तर अडवतील. आणि कंट्रोलरचा सेन्सर पट्टीने घट्ट बांध. तो निसटून पाण्याबाहेर लोंबकळला तर हवेचं तापमान वाचतो, त्याला वाटतं पाणी गार पडलंय, आणि तो तापवतच सुटतो. ही चूक माझ्याकडून 2017 मध्ये झाली होती. तेव्हा साडेसव्वीसच्या वर पाणी गेलं नाही. ते का गेलं नाही हे कळायला मला दोन दिवस लागले!

हीटर खालच्या संपमध्ये ठेव, पण जिथून पंप पाणी वर ढकलतो त्या कप्प्यात नको. बाष्पीभवनाने पातळी तिथलीच उतरते आणि हीटर उघडा पडतो. स्किमरच्या कप्प्यात पातळी स्थिर असते. साधारण दोन वर्षांनी चालू असलेले हीटरही बदल. पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, माहीत आहे.

वीज गेली तर यातलं काहीच कामाचं नाही. तेव्हा आधी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लाव, कारण गारठ्याच्या आधी प्राणवायू संपतो. मग टँकला गोधडी गुंडाळ. आजीने दिलेली चौकड्यांची आहे ना तुझ्याकडे? तीच. आजीला सांगू नकोस.

त्या खोक्यातल्या 800 वॉटच्या हीटरबद्दल विचारशील, फुकट आहे म्हणून. मिळणार नाही. साध्या काचेचे दोन थर्मामीटर मात्र पाठवतोय, एक संपला लाव आणि एक वरच्या काचेला, चहाचा कप घेऊन उभा राहशील तिथे नजरेसमोर येईल असा. शनिवारपर्यंत पोचतील. तोवर मासे आणू नकोस.