आधी आतल्याला वाट
चौकाच्या मधोमध कारंजं बांधलं म्हणजे वाहतुकीचं वर्तुळ होत नाही. ब्रिटनमध्येही ही वर्तुळं पूर्वी तुंबायची. १९६६मध्ये आत फिरणाऱ्याला आधी वाट देण्याचा नियम आला आणि ती वाहती झाली. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी छेदतात, मिळतात किंवा फुटतात. एकपदरी वर्तुळात फक्त ८ ठिकाणी. शिवाय वळावंच लागतं, म्हणून वेग उतरतो, आणि तीच त्याची खरी पुण्याई. मला वर्तुळच पसंत. पण एकाच रस्त्याने लोंढा येऊ लागला, की बाकीच्यांना आत शिरायला फट मिळत नाही. तिथे सिग्नल हवा. काठी टेकत रस्ता ओलांडणाऱ्या आजींसाठी तर हवाच, कारण वर्तुळाभोवतीच्या गाड्या त्यांच्यासाठी आपणहून थांबत नाहीत.